‘पॉवर’ म्हणजे नेमके काय?

पुढची तीन वाक्ये जरा लक्षपूर्वक वाचा.

‘आजी, रात्री उठताना अडखळशील, झिरो पॉवरचा दिवा लावून ठेवतो.’

‘माझा चष्मा झिरो पॉवरचा आहे, नुसता उन्हासाठी घालतो.’

‘टू टु द पॉवर झिरो इज इक्वल टु वन.’

पहिले वाक्य घरातले, दुसरे रस्त्यावरचे आणि तिसरे इंग्रजी माध्यमाच्या गणिताच्या तासाचे. तिन्ही वाक्यांत पॉवर आहे आणि ती तिन्हीकडे झिरो, म्हणजे शून्य आहे. पण हे शून्य तिन्ही ठिकाणी सारखे आहे का?

आधी दिवा घेऊ. तारेचे वेटोळे असलेला तो छोटा, बहुधा रंगीत बल्ब नावाने झिरोचा असला तरी १२ ते १५ वॅट शक्ती घेतो. दररोज १० तास जळला, तर महिनाभरात चार-साडेचार युनिट वीज खर्च होते. म्हणजे येथे शून्य नुसते नावाला! चष्म्याचे मात्र तसे नाही. झिरो पॉवरच्या काचेतून समांतर किरण सोडले, तर ते पलीकडे समांतरच बाहेर पडतात. काच त्यांना एकत्र आणत नाही की फाकवत नाही. येथे शून्य अगदी खरे आहे. तिसऱ्या ठिकाणी तर शून्याचा परिणाम एक येतो. २ चा तिसरा घात ८, दुसरा ४, पहिला २. दर पायरीला आपण दोनाने भागत आलो, तेव्हा पुढची पायरी १ च असणार.

एकच शब्द आणि एकच शून्य, पण एकदा ते खोटे, एकदा खरे आणि एकदा त्याचे उत्तर एक! परक्या भाषेतील शब्दाचा अर्थ न पाहता तो वापरू लागलो म्हणजे असा घोटाळा होतो, असे तुम्हांला वाटेल. पण ते तितकेसे बरोबर नाही. हा घोटाळा ज्यांची मातृभाषा इंग्रजी आहे त्यांच्याकडेही आहे आणि तो बराच जुना आहे.

शब्दाचे कूळ

‘पॉवर’ हा शब्द इंग्रजीत जुन्या फ्रेंच भाषेतून आला. त्याचे मूळ लॅटिनमधील ‘पोसे’ या क्रियापदात आहे. या क्रियापदाचा अर्थ ‘शकणे’, एखादी गोष्ट करता येणे. ‘पॉसिबल’ आणि ‘पोटेन्शियल’ हे शब्दही याच घराण्यातले आहेत.

आता आपल्याकडे पाहा. संस्कृतात ‘शक्’ धातू आहे. अर्थ तोच, करू शकणे. त्यापासून ‘शक्य’ झाले, ‘शक्ती’ झाली आणि मराठीतले ‘शकणे’ हे क्रियापदही झाले. म्हणजे पॉसिबल आणि पॉवर यांची जोडी जशी, तशीच शक्य आणि शक्ती यांची. दोन दूरच्या भाषांनी एकाच कल्पनेवरून एकसारखे दोन शब्द घडविले. तेव्हा पॉवरला ‘शक्ती’ हा प्रतिशब्द ज्यांनी योजला, त्यांनी अगदी नेमका शब्द निवडला असे म्हणावे लागते.

परंतु अडचणही येथेच आहे. ‘करू शकणे’ ही कल्पना इतकी ऐसपैस आहे, की तिच्यात काहीही बसते. राजा हुकूम करू शकतो, म्हणून त्याच्या हाती पॉवर. भिंग किरण वळवू शकते, म्हणून भिंगाला पॉवर. गोळी ताप उतरवू शकते, म्हणून गोळीची पॉवर. सूक्ष्मदर्शक लहान वस्तू मोठी दाखवू शकतो, म्हणून त्याचीही पॉवर. गणितातली पॉवर तर थेट ग्रीकांपर्यंत जाते. ग्रीक गणिती संख्येच्या वर्गाला ‘ड्युनामिस’ म्हणत. त्या शब्दाचा साधा अर्थ सामर्थ्य. लॅटिनमध्ये त्याचे शब्दशः भाषांतर झाले, लॅटिनमधून ते इंग्रजीत गेले आणि पॉवर झाले. आपल्या गणितींनी मात्र ‘वर्ग’, ‘घन’, ‘घात’ असे वेगळे शब्द वापरले. म्हणून मराठीतून गणित शिकणाऱ्याला या एका बाबतीत तरी गोंधळ होण्याचे कारण नाही.

पदार्थविज्ञानात हा गोंधळ सर्वांत अधिक होता. जुन्या इंग्रजी पुस्तकांत तरफ, कप्पी, उतरण, पाचर यांसारख्या साध्या यंत्रांना ‘मेकॅनिकल पॉवर्स’ म्हणत आणि तरफेच्या टोकाशी आपण जो जोर लावतो त्यालाही पॉवर म्हणत. आज आपण त्याला बल म्हणू. ‘एनर्जी’ हा शब्द आजच्या अर्थाच्या जवळपास प्रथम वापरला थॉमस यंग याने, १८०७ साली छापलेल्या आपल्या व्याख्यानांत. तरीही पुढे चाळीस-पन्नास वर्षे शब्दांची सरमिसळ चालूच राहिली. हेल्महोल्ट्झने १८४७ साली ऊर्जेच्या अक्षय्यतेवर आपला प्रसिद्ध निबंध लिहिला. त्याच्या शीर्षकात ऊर्जेसाठी त्याने जो जर्मन शब्द योजला, त्याचा नेहमीचा अर्थ ‘बल’ असा आहे. फॅरडेने १८५७ साली व्याख्यान दिले, त्याचेही नाव ‘बलाची अक्षय्यता’ असेच होते. बल अक्षय्य नसते, ऊर्जा असते, हे आज शाळकरी मुलगाही सांगेल. पण या थोर माणसांच्या हाती कल्पना होती, आणि तिला नीट बसेल असा सर्वमान्य शब्द अजून नव्हता. तेव्हा परीक्षेत तुम्ही बल, ऊर्जा आणि शक्ती यांची अदलाबदल केली, तर निराश होऊ नका. गुण मात्र जातील!

आज पदार्थविज्ञानात या तिघींची वाटणी पक्की झाली आहे. ढकलणे किंवा ओढणे म्हणजे बल. बल लावून वस्तू बलाच्या दिशेने सरकली की कार्य झाले. कार्य करण्याची क्षमता म्हणजे ऊर्जा. आणि हे कार्य किती वेगाने होते, एका सेकंदात किती, ती शक्ती. सूत्राच्या भाषेत सांगायचे, तर शक्ती म्हणजे कार्य भागिले काळ.

या व्याख्येत ‘काळ’ कोठून आला? ऐसपैस अर्थाच्या या शब्दाला घड्याळ कोणी बांधले? ते काम घोड्यांनी केले.

घोड्यांचा हिशेब

सतराव्या शतकाच्या अखेरीस इंग्लंडमधील खाणींत पाण्याचा मोठा उपद्रव होता. पाणी उपसण्यासाठी घोडे लावत. टॉमस सेव्हरी याने वाफेवर पाणी उपसणारे यंत्र काढले आणि १७०२ साली एक पुस्तिका छापून खाणमालकांना त्याचे गुण सांगितले. त्यात त्याने एक मार्मिक गोष्ट मांडली. दोन घोडे एका वेळी जेवढे काम करतात तेवढे करणारे यंत्र असेल, तर ते दोन नव्हे, दहा-बारा घोड्यांची जागा घेते. कारण घोडे दमतात, त्यांना पाळीपाळीने जुंपावे लागते. यंत्र रात्रंदिवस चालते. यात दोन वेगळे प्रश्न आहेत, हे तुमच्या लक्षात आले का? आत्ता या क्षणी काम किती वेगाने चालले आहे, हा एक. दिवसाअखेर एकूण काम किती झाले, हा दुसरा. शक्ती आणि ऊर्जा यांतील फरक येथे घोड्यांच्या रूपाने उभा आहे.

पुढे जेम्स वॅटने वाफेचे सुधारलेले यंत्र बनविले. खाणींतील यंत्रांचे पैसे घेण्याची त्याची आणि त्याचा भागीदार बोल्टन याची पद्धत मजेदार होती. जुन्या यंत्राच्या तुलनेत जेवढा कोळसा वाचेल, त्याच्या किमतीचा एक तृतीयांश ते घेत. पण गिरण्यांत जुने यंत्र नव्हतेच, तेथे घोडे होते. मग तुलना कशाशी करणार? अर्थातच घोड्याशी. त्यासाठी ‘एक घोडा’ म्हणजे किती, हे ठरविणे भाग पडले.

वॅटचा हिशेब तुम्हीही करून पाहू शकता. गिरणीचा घोडा घाण्याच्या बैलासारखा गोल फिरतो. वर्तुळाची त्रिज्या १२ फूट. मिनिटाला तो सुमारे २.४ फेऱ्या घालतो. ओढ धरली १८० पौंड. एका फेरीत घोडा साधारण ७५.४ फूट चालतो, म्हणजे मिनिटाला जवळजवळ १८१ फूट. त्याला १८० ने गुणले की ३२,५०० च्या थोडे वर फूट-पौंड येतात. वॅटने ते ३३,००० केले आणि त्याला एक अश्वशक्ती म्हटले. आजच्या एककांत ती सुमारे ७४६ वॅट होते. डोळ्यांपुढे चित्र हवे असेल, तर ७६ किलोची वस्तू दर सेकंदाला एक मीटर वर उचलत राहायचे. साधा घोडा दिवसभर एवढे काम करू शकत नाही. मात्र थोड्या क्षणांपुरता तो याच्या दसपट किंवा अधिकही शक्ती लावतो. तेव्हा अश्वशक्ती ही कोणत्याच खऱ्या घोड्याची शक्ती नव्हे. तो व्यवहारासाठी ठरविलेला कागदी घोडा आहे!

या कागदी घोड्यावर वॅटचा वार्षिक आकार बसे. यंत्र जितक्या घोड्यांचे, तितका पैसा. वॅट १८१९ साली वारला. त्यानंतर ६३ वर्षांनी, १८८२ साली, ब्रिटिश असोसिएशनपुढे विल्यम सीमेन्स यांनी शक्तीच्या एककाला त्याचे नाव देण्याची सूचना मांडली. एका सेकंदात एक ज्यूल कार्य झाले की शक्ती एक वॅट.

तुम्ही स्वतः किती वॅटचे?

हा प्रयोग शाळेच्या जिन्यावर करता येतो. एका पायरीची उंची मोजा. समजा ती १५ सेंटिमीटर आहे आणि पायऱ्या २० आहेत. एकूण चढ ३ मीटर झाला. तुमचे वजन ४५ किलो असेल, तर वर जाण्यासाठी केलेले कार्य ४५ गुणिले ९.८ गुणिले ३, म्हणजे १३२३ ज्यूल. दप्तर सावरत, मित्राशी बोलत अर्ध्या मिनिटात चढलात तर तुमची शक्ती ४४ वॅट. घंटा झाली म्हणून ६ सेकंदांत धावत गेलात तर २२० वॅट, म्हणजे जवळजवळ पाव अश्वशक्तीच्या वर. दोन्ही वेळा कार्य तेवढेच झाले, दम मात्र दुसऱ्या वेळी लागला. (दमा किंवा हृदयाचा विकार असणाऱ्यांनी धावू नये, घड्याळ धरावे. घड्याळ धरणाऱ्याशिवाय प्रयोग होत नाही.)

आणि नुसते बसलेले असताना? दिवसाला २००० किलोकॅलरी आहार घेणाऱ्या माणसाचा हिशेब करा. ही ऊर्जा सुमारे ८४ लाख ज्यूल होते. दिवसाचे सेकंद ८६,४००. भागाकार येतो ९७. म्हणजे आपण प्रत्येक जण शंभर वॅटच्या जुन्या बल्बएवढे आहोत. चाळीस मुलांचा वर्ग बंद खिडक्यांनी का उकडतो, हे त्यावरून समजावे. वर्गात चार किलोवॅटची शेगडी चालू असते!

नळ आणि बादली

आता मुख्य मुद्द्याकडे येऊ. शक्ती आणि ऊर्जा यांचा संबंध नळ आणि बादली यांच्यासारखा आहे. नळातून मिनिटाला किती पाणी येते, ती शक्ती. बादलीत किती साठले, ती ऊर्जा. मोठा नळ थोडा वेळ सोडा की बारीक धार दिवसभर, बादली सारखीच भरेल. एक किलोवॅट शक्ती एक तास चालली की एक किलोवॅट-तास ऊर्जा खर्च होते. हेच आपल्या बिलातले ‘युनिट’, ३६ लाख ज्यूल. किलोवॅटला तासाने गुणायचे असते, भागायचे नसते. ‘हा हीटर तासाला दोन किलोवॅट वीज खातो’ असे वाक्य वर्तमानपत्रांतही छापून येते. त्याचा अर्थ ‘ही मोटार तासाला ताशी साठ किलोमीटर जाते’ असा काहीसा होतो.

हा केवळ शब्दांचा कीस नाही, येथे पैशांचा प्रश्न आहे. महाराष्ट्रात मीटर नसलेल्या शेतीपंपांना दर अश्वशक्तीमागे अमुक रुपये, असा आकार लावण्याची पद्धत वर्षानुवर्षे चालत आली. आता विचार करा. पाच अश्वशक्तीचा पंप म्हणजे सुमारे ३.७ किलोवॅट. (हे मोटरीच्या दांड्यावर मिळणारे झाले, तारेतून ती याहून थोडे अधिकच घेते.) एकाची विहीर दोन तासांत आटते, त्याचे साडेसात युनिट होतात. शेजाऱ्याच्या विहिरीला भरपूर पाणी, तो आठ तास पंप चालवतो, त्याचे तीस युनिट. पंप सारखेच, म्हणून आकारही सारखाच. नळाचा व्यास मोजून पाणीपट्टी घेण्यासारखे हे आहे. वॅटनेही असाच आकार घेतला होता, पण त्याच्या गिरण्या रोज ठरलेले तास चालत. विहिरीतल्या पाण्याचे तसे नसते. २०२४ साली राज्य शासनाने साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या शेतीपंपांसाठी मोफत विजेची योजना आणली. तिची मर्यादासुद्धा अश्वशक्तीतच, म्हणजे शक्तीतच, आहे. अशी पद्धत सोयीची असते यात शंका नाही, कारण मीटर वाचायला बांधाबांधाने जावे लागत नाही. पण किती वीज खर्च झाली, या प्रश्नाचे उत्तर तीतून मिळत नाही, हे समजून असावे.

कोयनेचे उदाहरण तर याहून बोलके आहे. ‘कोयनेची क्षमता १९६० मेगावॅट’ हे तुम्ही भूगोलात पाठ केले असेल. हा आकडा शक्तीचा आहे. मग कोयना वर्षभर १९६० मेगावॅट वीज देते का? हिशेब करून पाहू. पूर्वेकडे वाहणाऱ्या कोयनेचे पाणी बोगद्यांतून सह्याद्रीच्या पश्चिमेला चिपळूणच्या बाजूस सोडतात. ते कृष्णेच्या खोऱ्याबाहेर जाते, म्हणून कृष्णा पाणी तंटा लवादाच्या निवाड्याने त्यावर वर्षाला ६७.५ टीएमसीची मर्यादा घातली. टीएमसी म्हणजे अब्ज घनफूट. इतके पाणी होते सुमारे १९१ कोटी घनमीटर. वस्तुमान १९१ हजार कोटी किलो. टप्प्याटप्प्यांनी ते एकूण ढोबळ मानाने ६०० मीटर खाली येते असे धरा. वस्तुमान गुणिले ९.८ गुणिले उंची करा आणि ३६ लाखांनी भागा. उत्तर येते सुमारे ३१२ कोटी युनिट. यातून थोडी घट जाईल, ती सोडून देऊ.

आता १९६० मेगावॅट म्हणजे १९ लाख ६० हजार किलोवॅट. ३१२ कोटींना त्याने भागले, तर १५९२ तास येतात. फक्त ६६ दिवस! सगळी जनित्रे पूर्ण शक्तीने सतत चालविली, तर वर्षाचे पाणी सव्वादोन महिन्यांत संपेल.

मग एवढी जनित्रे बसविली तरी कशाला? कारण संध्याकाळी सगळ्या महाराष्ट्रात एकदम दिवे लागतात, मागणी झपाट्याने चढते. कोळशाचे केंद्र इतक्या चटकन वर-खाली करता येत नाही. पाण्याचे केंद्र मात्र काही मिनिटांत पूर्ण शक्तीवर येते. कोयना म्हणजे मोठा नळ लावलेली, पण मोजकेच पाणी असलेली टाकी आहे. गरजेच्या वेळी नळ सोडायचा, एरवी आवळून ठेवायचा. केवळ मेगावॅटचे आकडे शेजारी शेजारी मांडून दोन वीजकेंद्रांची तुलना करणाऱ्याला ही गोष्ट दिसत नाही. सौर विजेची केंद्रे आता गावोगाव होत आहेत. त्यांच्या मेगावॅटकडे पाहतानाही, सूर्य रात्री नसतो हे ध्यानात ठेवावे लागते.

अलीकडे मुलांच्या दप्तरांतही दिसणारी ‘पॉवर बँक’ पाहा. ही वस्तू साठवते ऊर्जा, म्हणून नाव हवे होते ‘एनर्जी बँक’. तिच्यावर १०,००० मिलिअँपिअर-तास असे लिहिलेले असते. आतील विद्युतघटाचा दाब ३.७ व्होल्ट धरला, तर ३७ वॅट-तास होतात. एक युनिट साठवायला अशा २७ बँका लागतील! शेजारीच ‘२० वॅट’ असेही छापलेले असते. तो आकडा मात्र खऱ्या पॉवरचा आहे. ऊर्जा किती वेगाने बाहेर काढता येईल, ते तो सांगतो. बँक या शब्दाबद्दल तक्रार नाही. काढताना घट सोसावी लागते, एवढेच.

चष्मेवाल्याची पॉवर

भिंगाच्या पॉवरला वॅट चालत नाही, कारण येथे काळाचा संबंधच नाही. भिंगाचे नाभीय अंतर मीटरमध्ये घ्या आणि एकाला त्याने भागा. जे येईल ती भिंगाची शक्ती. एकक डायॉप्टर. हे एकक फ्रान्समधील नेत्रवैद्य मोनॉये यांनी १८७२ साली सुचविले. त्यापूर्वी चष्म्याच्या भिंगाला त्याच्या नाभीय अंतराच्या इंचांवरून क्रमांक देत. म्हणजे क्रमांक जितका मोठा, तितके भिंग सौम्य! डायॉप्टरमुळे हे उलटे प्रकरण सुलट झाले.

पण खरी सोय वेगळीच आहे. दोन पातळ भिंगे एकमेकांना चिकटून ठेवली, तर त्यांच्या शक्तींची सरळ बेरीज होते. एक आणि दीड मिळून अडीच. नाभीय अंतरांची अशी बेरीज होत नाही. १०० सेंटिमीटर आणि ६६.७ सेंटिमीटर यांच्या जोडीचे नाभीय अंतर ४० सेंटिमीटर, हे तोंडी कोण काढणार? म्हणून डोळे तपासताना डॉक्टर त्या गोल चौकटीत एकावर एक भिंगे घालतात आणि शेवटी नुसती बेरीज करतात.

उणे दोन म्हणजे काय, हेही आता सांगता येईल. नाभीय अंतर अर्धा मीटर, भिंग अंतर्वक्र. असा चष्मा लागलेल्या मुलाला चष्म्याशिवाय साधारण अर्ध्या मीटरपलीकडचे स्पष्ट दिसत नाही. फळ्यावरचे अक्षर तर त्याला निव्वळ ढगासारखे दिसत असेल. शिक्षकांनी मागच्या बाकावरच्या ‘लक्ष न देणाऱ्या’ मुलाकडे एकदा या दृष्टीने पाहावे, असे मला फार वाटते. ‘मुलाच्या डोळ्यांची पॉवर वाढली’ असे पालक काळजीने सांगतात, तेव्हा वाढलेली असते ती चष्म्याची. डोळ्याची स्वतःची शक्ती सुमारे ६० डायॉप्टर असते. जवळचेच दिसणाऱ्या डोळ्यात, बहुधा नेत्रगोल लांबट झाल्याने, ही शक्ती त्या लांबीच्या मानाने जादा पडते आणि प्रतिमा पडद्याच्या अलीकडेच तयार होते. जादा झाली म्हणून उणे भिंग लावायचे!

उरलेल्या पॉवरी झटपट पाहू. सूक्ष्मदर्शकाच्या पॉवरला एककच नाही. वस्तू कितीपट मोठी दिसते, ते नुसते गुणोत्तर. गोळीची ‘हाय पॉवर’ म्हणजे बहुतेक वेळा औषधाचे मिलिग्रॅम. जुन्या पुस्तकांत दिव्यांची ‘कँडल पॉवर’ भेटते. ती ठरावीक मेणबत्तीच्या तुलनेत दिव्याचा प्रखरपणा सांगे, खर्च नव्हे. आपल्याकडे मात्र दिव्याचा प्रखरपणाही वॅटमध्येच सांगण्याची सवय जडली, आणि आता ९ वॅटचा एलईडी जुन्या ६० वॅटच्या बल्बाइतका उजेड देऊ लागल्यावर दुकानात ‘साठवाला’ मागणाऱ्याची पंचाईत होते. भिवंडी-इचलकरंजीच्या ‘पॉवरलूम’मधली पॉवर म्हणजे केवळ ‘हाताने न चालणारा’. त्याला यंत्रमाग म्हणणे अधिक बरे. आणि ‘पॉवर गेली’ म्हणतो तेव्हा गेलेला असतो वीजपुरवठा. राजकारणातली पॉवर कोणत्या एककात मोजतात, ते मला ठाऊक नाही.

थोडक्यात, पॉवर शब्द भेटला की तिचे एकक कोणते, एवढे विचारावे. वॅट, डायॉप्टर, मिलिग्रॅम की काहीच नाही? उत्तर मिळाले की अर्थ आपोआप मिळतो.

आता घरी करण्यासारखे एक काम. विजेच्या नव्या मीटरवर एक बारीक लाल दिवा लुकलुकत असतो. जवळच ‘३२०० इम्पल्स प्रति किलोवॅट-तास’ किंवा असाच काही आकडा छापलेला दिसेल. याचा अर्थ, एक युनिट होईपर्यंत दिवा ३२०० वेळा लुकलुकतो. म्हणजे एका लुकलुकीमागे ३६ लाख भागिले ३२००, अर्थात ११२५ ज्यूल. घड्याळ घेऊन दूरूनच पाहा, मीटरला हात लावायचा नाही. दोन लुकलुकींमध्ये १५ सेकंद गेले, तर त्या वेळी घर ७५ वॅट घेत आहे. जुन्या धाटणीचा एक छतपंखा साधारण एवढेच घेतो. घरच्यांची परवानगी घेऊन बाकी सर्व बंद करा आणि फक्त तो तारेचा ‘झिरो’चा बल्ब लावा. तो १५ वॅटचा असेल, तर ७५ सेकंद वाट पाहावी लागेल. अर्ध्या वॅटचा एलईडी लावून मात्र बसू नका. मोजणी सुरू व्हायला मीटरला काही किमान प्रवाह लागतो. त्याहून कमी प्रवाहाची तो दखल घेईलच असे नाही. तुमच्या मीटरवर ३२०० ऐवजी दुसरा आकडा असेल, तर ११२५ च्या जागी काय येईल, ते आधी काढून ठेवा.